उलटा ठोका

दहाव्याचं आटोपून मंडळी घाटावरून वर आली, तेव्हा आक्कांनी पाय धुवायच्याही आधी हॉलचा कोपरा गाठला.

वर आली म्हणजे सतराव्या मजल्यावर. गोदावरीच्या काठी जिथं पूर्वी तांब्यापितळेची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली होती, तिथं आता ‘गोदाशिखर’ नावाची बेचाळीस मजल्यांची इमारत उभी होती. नाशिकच्या जुन्या देवळांच्या कळसांमध्ये ती अशी दिसायची, की सगळी पंगत बसलीय आणि एकजण उभाच राहिलाय. गल्लीतल्या चाळीस घरांना घराच्या बदल्यात तिच्यात फ्लॅट मिळाले. वैजयंती आणि भालचंद्र वडनेऱ्यांना सतराव्यावरचा, नदीकडचा.

हॉलच्या त्या कोपऱ्यात भालचंद्रांची खुर्ची असायची. चहाचा कप हातात धरून त्या खुर्चीतच ते गेले होते. चौसष्टावं चालू होतं. कप फुटलासुद्धा नाही. खुर्ची बाजूला करून आक्कांनी, भालचंद्रांच्या बहिणीनं, तिथल्या फरशीवर तांदळाचं पीठ चाळून पसरलं होतं, शेजारी पणती ठेवली होती आणि पिठावर बांबूची टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस ज्या जन्माला जातो त्याचं पाऊल त्या पिठावर उमटतं. येवल्याला आक्कांच्या सासरी हे कधी चुकलेलं नव्हतं. इथं पणतीमुळं छतातला धुराचा यंत्रराक्षस तीनदा ओरडला. इमारतीच्या ऑफिसातून ‘धार्मिक ज्योत, दहा दिवस’ अशी रीतसर परवानगी काढावी लागली.

“ये गं वैजू, बघ,” आक्का टोपलीपाशी बसत म्हणाल्या. “पाखराचं असलं तर तीन रेघा असतील. गायीचं असलं तर दोन फाका. घाबरू नको, काहीही असलं तरी आपला भालूच आहे.”

टोपली उचलली. पाखरू नव्हतं, गाय नव्हती. पिठाच्या मधोमध रुपयाएवढी मोकळी फरशी दिसत होती आणि तिच्याभोवती वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ. तळ्यात खडा टाकावा तशी.

“उंदीर असेल,” वैजयंती म्हणाली.

“सतराव्या मजल्यावर उंदीर? त्याला लिफ्टचं कार्ड कुणी दिलं?” आक्का बराच वेळ पिठाकडं बघत राहिल्या. मग हात जोडून हळूच म्हणाल्या, “पाणी झाला की काय हा? नदीच झाला?”

खरं बोलणं त्यांनी निघताना, लिफ्टची वाट बघत केलं. “कावळा पाऊण तास शिवला नाही, वैजू. चारचौघांत मी तोंड उघडलं नाही.”

“शिवला की शेवटी.”

“भुकेनं शिवला तो. भालूच्या मनात राहिलं होतं ते राहिलंच. काय राहिलं ते तुलाही ठाऊक, मलाही.”

ठाऊक होतं. गल्ली पाडायची तर चाळीसही घरांच्या सह्या लागत होत्या. एकोणचाळीस झाल्या होत्या. चाळिसावं घर वैजयंतीच्या नावावर होतं, बायकोच्या नावानं केलं की सरकारी सवलत मिळते म्हणून भालचंद्रांनीच केलेलं. दर तीन-चार वर्षांनी नदी घरात यायची, कमरेइतकी. गाद्या, धान्य, लग्नाचे फोटो, सगळं माळ्यावर चढवायचं आणि चिखल उपसून पुन्हा खाली आणायचं. तिचे गुडघे गेले होते. तिनं विचारलं, “करू का सही?” भालचंद्र घागरीच्या बुडावर हातोडी चालवत होते. मान वर न करता म्हणाले, “घर तुझ्या नावावर आहे.” तिनं सही केली.

नंतर त्यांनी एका शब्दानं तिला दोष दिला नाही. शब्दच कमी केले. नव्या घरात सहा वर्षं झाली, पण चहा, मीठ आणि गोळी यापलीकडं दोघांत फारसं काही उरलं नव्हतं. माणूस रागावलेला आहे, थकलेला आहे की नुसता बहिरा झालाय, हेच कळायचं नाही. चाळीस वर्षं तांब्यावर हातोडी मारून त्यांचे कान निम्मे गेले होते. या घरात तर बाहेरचा आवाज येत नव्हता, आतला जात नव्हता. वैजयंती मनातल्या मनात म्हणायची, एकदा भांडा तरी. भांडणही न करता गेले.

*

पाहुणे पांगल्यावर, पंधराव्या दिवशी पहाटे पावणेसहाला ती जागी झाली, ती फरशीमुळं. पलंगाच्या पायांतून काहीतरी वर येत होतं. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. बेडरूमच्या दारापासून स्वयंपाकघराकडं.

भांडं ठोकताना ते उजव्या पायाखाली दाबून धरायचं, अशी भालचंद्रांच्या कामाची रीत. त्यामुळं उजवा पाय आखडला होता. डावी टाच जड पडायची, उजवी हलकी. ती चाल वैजयंतीनं चौतीस वर्षं ऐकली होती. ती घाबरली वगैरे नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की चहा टाकायला हवा. ते गेलेत हे तिला त्यानंतर आठवलं, आणि मग मात्र तिनं चादर डोक्यावरून घेतली.

पावलं रोज यायला लागली. पहाटे स्वयंपाकघर. आठाला खुर्ची, आणि खुर्चीपाशी टाचेचा एक ठोका. अकराला दार. आणि दुपारी अडीचला जे आलं, त्यानं तिची झोपच उडाली.

दुपारी जेवून दोन ते साडेतीन आडवं व्हायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. त्या दुपारी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. पावलं हॉलमधून निघाली, बेडरूममध्ये आली, पलंगाला वळसा घालून तिच्या पाठीमागं, पलंग आणि खिडकी यांच्यातल्या दोन हात जागेत येऊन थांबली. मग तिथंच सुरू झालं. दोन हलके ठोके, एक जोरात. दोन हलके, एक जोरात. उभे राहिले की टाचेनं असा ठेका धरायची त्यांची सवय होती. घागरीचा गळा ठोकायचा ताल तो.

चार-पाच मिनिटांनी पावलं आली तशी परत गेली.

वैजयंती उठून बसली. सहा वर्षं रोज दुपारी ती इथं घोरत होती, आणि सहा वर्षं रोज दुपारी हा माणूस येऊन तिच्या पाठीशी उभा राहत होता? कशासाठी?

*

आठवड्याभरात सोळाव्या मजल्यावरच्या खैरनार सरांनी तक्रार केली. त्यांच्या बाईंचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या दिवसभर पडून असायच्या, आणि डोक्यावर कुणीतरी चालत होतं. ऑफिसनं ऋजुता गांगुर्डे नावाच्या इंजिनियर मुलीला वर पाठवलं. ती अठ्ठावीस-तिशीची असेल. आल्या आल्या फरशीवर मांडी घालून बसली, म्हणून वैजयंतीला आवडली.

“काकू, पापड हातात धरून वाजवलाय कधी?” ऋजुतानं विचारलं. “नदीकाठची माती गाळाची. जड इमारत तिनं पेलली नसती. म्हणून खांब मजबूत केले आणि मजले पापडासारखे हलके. आता हलक्या मजल्यावर माणूस चाललं की तो डफासारखा वाजतो. त्यावर उपाय म्हणून फरशीखाली वीतवीत अंतरावर हे बसवलंय.” तिनं पिशवीतून बरणीच्या झाकणाएवढी एक चकती काढली. “तुमची टाच वरून जेवढा ठोका देते, तेवढाच उलटा ठोका ही त्याच क्षणी खालून देते. ती लाट आणि ही लाट मिळून शून्य.”

“म्हणजे दोघं एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं.”

“अगदी! पण त्यात एक गोम आहे. टाच पडल्यावर मोजत बसलं तर उशीर होतो. म्हणून फरशी आधीच अंदाज बांधते. महिना-दीड महिन्यात ती घरातली माणसं शिकते. कोण किती वाजता उठतं, कुठून कुठं जातं, कुठला पाय जड टाकतं. पाऊल पडायच्या आधीच तिचा ठोका तयार असतो.”

“आणि माणूस गेलं तर?”

ऋजुतानं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं. “फरशीला कुणी सांगितलं नाही, काकू.”

वैजयंतीनं चकती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“ती काकांची वाट बघते,” ऋजुता जरा चाचरत म्हणाली. “त्यांच्या वेळेला त्यांचा ठोका देते. पाऊल येतच नाही, मग नुसता उलटा ठोका उरतो. तो पावलासारखाच लागतो. ओल्या मातीवरची घागर उचलली तरी तिचा गोल राहतो ना, तसं.”

“तिला कळत नाही, की हे आपलेच ठोके?”

“स्वतःचे ठोके ती धरत नाही. नाहीतर स्वतःच्याच सावलीला घाबरून थरथरत बसली असती.”

पिठातली वर्तुळं कुठून आली ते वैजयंतीला आता कळलं. आक्कांना कळवायचं नाही असंही तिनं ठरवून टाकलं. नदी झालेला भाऊ बरा.

“तुझ्या यंत्रात बघता येईल का गं,” तिनं विचारलं, “ते दुपारी पलंगापाशी येऊन काय करायचे?”

“नाही ना. ही काही लिहून ठेवलेली नोंद नाही, हाताला वळण लागतं तसं आहे. तुम्ही पोळी गोल कशी लाटता, हे तुमचा हात उघडून बघितला तर सापडेल का? घरात किती माणसं आहेत, कोणाची ओळख किती पक्की, एवढंच मला दिसतं.” ती उठली. “मी बटण दाबून सगळं कोरं करू शकते. नाहीतर थांबा. पाऊल आलं नाही की तिची खात्री थोडी थोडी कमी होते. पाच-सहा आठवड्यांत विसरेल ती.”

“आणि आलं तर?”

“काय?”

“पाऊल. कुणाचं तरी.”

“आलं तर तिला वाटेल, आपलं बरोबरच होतं,” ऋजुता सहज बोलून गेली. लिफ्टपाशी पोचल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, वळून म्हणाली, “काकू, तसलं काही करू नका हं.”

*

तसलंच काही वैजयंतीनं दुसऱ्या दिवशी सुरू केलं.

कपाटाखालून भालचंद्रांच्या चामड्याच्या चपला काढल्या. पुढं कापूस कोंबला. पावणेसहाला बेडरूमच्या दारात उभी राहिली. पायाखाली जड ठोका उठला, की त्यावर आपली डावी टाच. मग उजवी, हलकी. दोन दिवस चुकत होतं. तिसऱ्या दिवशी जमलं, आणि जमलं त्या क्षणी सगळं गप्प झालं.

ती दचकून थांबली. ठोका पुढं निघून गेला, धप्. पुन्हा तिनं त्याला गाठलं. पुन्हा शांत.

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना राखायचं तर त्यांच्या पावलावर पाऊल टाकायला हवं, आणि टाकलं की ते ऐकू येत नाहीत. त्यांच्याबरोबरचे सगळे दिवस असेच गेले होते म्हणा. तरी ती चालत राहिली. पहाटे, आठाला, अकराला, अडीचला. अधूनमधून एखादं पाऊल मुद्दाम चुकवायची. तेवढा एक ठोका ऐकून घ्यायची. चोरून पेढा खावा तसा.

खैरनार सरांचा फोन आला. “वहिनी, आवाज बंद झाला हो. बाई झोपली शांत. आभार मानायला फोन केला.”

“आभार कसले,” वैजयंती म्हणाली. तिच्या पायात चपला होत्या.

अडीचचा फेरा मात्र तिला जड जायचा. पलंगाला वळसा घालून ती त्या दोन हात जागेत जायची, खिडकीकडं तोंड करून उभी राहायची आणि टाचेनं ताल धरायची. दोन हलके, एक जोरात. पहिल्याच दिवशी तिथं उभं राहिल्यावर तिला समोर काय दिसलं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

इमारतीचे दोन भाग जिथं जवळ येतात, तिथं हातभर रुंदीची एक फट आहे. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच खिडकीतून ती दिसत नाही. त्या फटीतून खाली, थेट पाण्यालगत, एक काळा दगड दिसत होता. गल्लीतली माणसं ठोकून झालेली भांडी चिंचेच्या पाण्यानं ज्याच्यावर घासायची, तो दगड. घाटाच्या नव्या फरशीत तो कसा काय राहून गेला होता.

हे होय. तिनं खिडकीची कड धरली. म्हणजे ते तिच्यापाशी येत नव्हते. दगडापाशी येत होते. पलंग मधे होता, पलंगावर ती होती, एवढंच. तिच्याजागी कपाट असतं तरी ते आले असते.

आणि तरी ती चालायची थांबली नाही. उलट जास्तच चालायला लागली. रागानं की काय, तिलाही सांगता आलं नसतं. चपलांत कापूस लागेनासा झाला. पाय सुजले होते. आक्का एकदा येऊन गेल्या. चहा घेऊन येणाऱ्या वैजयंतीकडं बघून म्हणाल्या, “लंगडतेस का गं?” मग कप घ्यायला पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. “वैजू, तू भालूसारखी चालतेयस.”

तिला एकच कोडं पडायचं. पावलाखाली सगळीकडं फरशी गप्प व्हायची, पण त्या खिडकीपाशी पूर्ण गप्प व्हायची नाही. ती ताल धरायची, तरी बोटांच्या पुढ्यात, वीतभर अंतरावर, काहीतरी वाजत राहायचं. दोन हलके, एक जोरात. तिला वाटलं, तिथली चकती बिघडली असेल.

*

सातव्या आठवड्यात खैरनार सर स्वतःच ऋजुताला घेऊन वर आले. चप्पल बाहेर काढून, संकोचून दारातच उभे राहिले.

“वहिनी, राग मानू नका. भाऊंचं चालणं बंद झालं, खरंय. पण आता दुसरंच कुणीतरी आलंय. बाई म्हणते, हलक्या पावलांची कुणी बाई आहे. केव्हाही येते. देवघरापाशी जाते, बाल्कनीत जाते. तिचं काही वेळापत्रकच नाही. बाई घाबरलीय हो.”

ऋजुता हातातल्या पडद्याकडं बघत होती. तिचा चेहरा उतरला.

“काकू, तुम्ही चालत होता. काकांसारखं.”

वैजयंतीनं पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या.

“हे बघा.” पडद्यावर दोन ओळी होत्या. ‘रहिवासी एक: ओळख पक्की.’ दुसरी ओळ फिकट पडली होती. ‘रहिवासी दोन: बहुधा घर सोडून गेले.’

“दोन म्हणजे कोण?”

“तुम्ही,” ऋजुता म्हणाली. “फरशीच्या लेखी काका या घरात राहतात. तुम्ही नाही. सात आठवडे तुम्ही स्वतःच्या चालीनं फारशा चाललाच नाहीत. मग देवघरापाशी गेलात की तिला कळत नाही हे कोण. तुमच्या पावलाला ती उत्तर देत नाही, आणि ते खाली जसंच्या तसं वाजतं.”

खैरनार सर जिन्याकडं बघत म्हणाले, “म्हणजे ती बाई...”

“मीच,” वैजयंती म्हणाली. तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच बिघडलं. जिवंतपणी खालच्या मजल्याला पछाडणारी बाई, गोदाशिखरात तरी पहिलीच असेल.

सर गेल्यावर ऋजुता फरशीवर बसली. “उद्या सकाळी दहाला मला कोरं करावं लागेल. आता थांबता येणार नाही.”

“कर. पण मला एक सांग. एखादी जागा तेवढी गप्प होत नाही. खिडकीपाशी. मी त्यांचाच ताल धरते, तरी पुढं वाजतंच.”

“कारण तुम्ही त्यांच्या जागेवर उभ्या नाही आहात. त्यांची टाच पडायची तिथं तुमची पडत नाही. पण काकू, आता काय त्यांचं आणि काय तुमचं, मलाही वेगळं काढता येणार नाही. फरशी पुसत नाही, वर चढवत जाते. इतके आठवडे तुम्ही तिथं उभ्या राहिलात, त्यात ते किती उरले असतील सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही.”

त्यांची टाच पडायची तिथं तुमची पडत नाही. हे वाक्य वैजयंतीच्या डोक्यात घुमत राहिलं. खिडकीच्या बाजूला, वीतभर पुढं. तिथं जर बोटं असतील तर ते खिडकीला टेकून दगड बघत होते. टाच असेल तर... त्या जागेत त्यांचं तोंड कुणीकडं होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आपण खिडकीकडं तोंड केलं म्हणून तेही तसेच असणार, असं धरून ती सात आठवडे त्यांच्यावर आपली पावलं चढवत बसली होती. विचारायच्या आधीच उत्तर लिहून टाकायची तिची ही सवय. सहीच्या वेळीही तेच. त्यांनी मान वर केली नव्हती, एवढ्यावरून तिनं सगळं धरून घेतलं होतं.

फक्त आजची दुपार उरली होती.

तिनं तांदळाच्या पिठाचा डबा काढला. चाळणीनं पलंग आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत पीठ पसरलं, हळद-कुंकवाच्या करंड्याच्या झाकणानं सारखं केलं. चपला उचलून कपाटात ठेवल्या. दोन वाजता ती पलंगावर आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून, जशी चौतीस वर्षं होत आली होती तशी. वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं. बघणारं कुणी नव्हतं तेव्हाच ते येत होते.

अडीच वाजले. काही नाही.

तिनं डोळे घट्ट मिटले. आपणच पुसून टाकलं. चालून चालून, राखायच्या नादात, आपल्याच टाचांनी.

मग हॉलमधून पावलं निघाली. एक जड, एक हलकं. दमलेली, पुसट, पण तीच. दारातून आत. पलंगाला वळसा. तिच्या पाठीमागं येऊन थांबली. दोन हलके, एक जोरात. तिच्या खांद्यावरून काटा सरकत मानेपर्यंत गेला. इतकं जवळ की वळलं तर हाताला लागतील. ती वळली नाही. आवाज मात्र फुटलाच.

“अहो,” ती भिंतीला म्हणाली, “गाद्या उचलून उचलून मी थकले होते हो.”

दोन हलके, एक जोरात.

पावलं परत गेल्यावरही ती बराच वेळ तशीच पडून होती. मग उठली, पलंगाच्या कडेवर बसली आणि वाकून पाहिलं.

पलंगाच्या बाजूला पिठात दोन लहान गोल उमटले होते, उथळ. हे तिचे. तिच्या टाचा. खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईच्या.

आणि खिडकीच्या बाजूला, अगदी भिंतीलगत, दोन मोठे. डावा जास्त खोल, तिथलं पीठ पार उडून काळी फरशी दिसत होती. उजवा जरा हलका. टाचा. बोटांचे बारके ठसे इकडं, पलंगाकडं वळलेले. नदीकडं, दगडाकडं, त्या फटीकडं त्यांची पाठ होती.

बोटांसमोर बोटं. वर्तुळं एकमेकांत शिरली होती. समोरासमोर दोन माणसं उभी होती त्या पिठात, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर.

काय बघत होते, ते पिठात नव्हतं. रागानं बघत होते की मायेनं, ती श्वास घेतेय ना एवढंच बघायचे, की काहीतरी बोलायला रोज यायचे आणि ती झोपलेली दिसली की परत जायचे? वैजयंतीनं पिठाला बोट लावलं नाही. ऊन खिडकीतून सरकून त्या गोलांवर आलं आणि निघून गेलं, तोवर ती तिथं बसून राहिली.

*

सकाळी दहाला ऋजुता आली. पिठाकडं बघून तिनं काही विचारलं नाही, जवळ जाऊन चवड्यांवर बसली तेवढी.

“दोघांनाही पूस,” वैजयंती म्हणाली.

“तुम्हाला ती अजून फिकट का होईना ओळखतेय, काकू. तुमचं ठेवता येईल.”

“नको. मला पुन्हा शिकू दे तिला. पहिल्यापासून.”

ऋजुतानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, दिवा नाही. पडद्यावर एकच ओळ राहिली. ‘घर रिकामे.’

“महिनाभर तरी तुमचं प्रत्येक पाऊल वाजेल,” ऋजुता म्हणाली. “मी खैरनार सरांना सांगते. बाईंना तेवढे दिवस पलीकडच्या खोलीत झोपवायला.”

ती गेल्यावर वैजयंतीनं पीठ केरसुणीनं गोळा केलं, सुपात घेतलं. नदीत सोडायचं, आक्कांचं तरी खरं होऊ दे. मग अनवाणी, आपल्या चालीनं ती दाराकडं निघाली.

धप्. धप्. धप्. धप्.

ती थबकली. सहा वर्षांत या घरात आपलं पाऊल तिनं पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं होतं. डफावर हात पडावा तसं घर घुमत होतं. गल्लीत सकाळी चाळीस हातोड्या एकदम सुरू व्हायच्या, तेव्हा भिंती अशाच घुमायच्या. सुपातलं पीठ थरथरत होतं.

हॉलच्या मधोमध उभं राहून तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं, आणि टाच उचलली. दोन हलके. एक जोरात.

क्षणभर शांत होतं. मग खालून, सोळाव्या मजल्यावरून, छताला केरसुणीचा दांडा लागल्याचा आवाज आला. ठक्.

“मीच आहे हो, बाई,” वैजयंती फरशीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली. “वर मी राहते.”